उचललेली लेक

चुडामण आबाचं उत्तरकार्य आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि चौथ्या दिवशी भिकुबाई तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर जाऊन बसली. अंगावर धुवट लुगडं, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत आबाचा मृत्यूचा दाखला. तीन एकर वावराच्या उताऱ्यावर आबाचं नाव होतं, तिथे आता तिचं लागायचं होतं. नवरा सुकलाल गेल्यावर सासरी कोणी राहा म्हटलं नाही, तेव्हा ती बापाकडे आली त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं त्या वावराची निंदणी, वेचणी, राखण तिने केली. दुसरी भाकर तिला कुठे नव्हती.

तलाठी नूतन मॅडम धुळ्याहून रोज येत. पोर वयाची, पण बोलायला नरम. आबांनी मृत्युपत्र केलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

भिकुबाई म्हणाली की पत्र आता कोण पाठवतं, फोनच केले सगळ्यांना. पूर्वी कोपरा फाडलेलं कार्ड टाकायचे पोस्टात, ती चाल आता मोडली.

मॅडम हसल्या नाहीत. मृत्युपत्र म्हणजे मेल्याची खबर नव्हे, मेल्यावर आपलं कोणाला द्यायचं ते माणसाने जितेपणी लिहून ठेवलेलं असतं, असं त्यांनी समजावलं. भिकुबाईने मान हलवली. आबाला सही येत नव्हती, आणि जितेपणी मरणाचं बोलणं त्याला आवडत नव्हतं. मग वारस नोंदीचा अर्ज करा, मॅडम म्हणाल्या. आई नाही, भाऊ नाही, तुम्ही एकट्याच. सोपं काम आहे.

सोप्या कामासाठी ती तीनदा शिरपूरला गेली. सेतू केंद्रातलं यंत्र तिचा अंगठा घेईना. कापूस वेचून वेचून बोटांच्या रेघा झिजलेल्या. तिथल्या माणसाने अंगठा पुसायला लावला, मग उजवा सोडून डावा ठेवायला लावला, आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला की बाई, तुमच्याकडे बोटंच नाहीत. रांग हसली. तिने पदराने अंगठा इतका घासला की कातडी लाल झाली, तेव्हा कुठे यंत्राने एकदा हो म्हटलं. वर शाळेचा दाखला हवा होता. तो तिने गावच्या शाळेतून आणला आणि न वाचताच पिशवीत घातला. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला आपलंच नाव काय वाचायचं?

तो दाखला नवलने वाचला.

नवल म्हणजे आबाच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याचं वावर बांधाला बांध लागून. गावातला एक ट्रॅक्टर त्याचा, वेचणीच्या बायका आणणारी पिकअपही त्याचीच. आबाला अग्नी त्यानेच दिला होता, डोकं त्यानेच भादरलं होतं. अग्नी देणारा तो वारस, अशी त्याची समजूत, आणि ती काही खोटेपणाने धरलेली नव्हती. अर्जाची नोटीस चावडीवर लागली. पंधरा दिवसांची मुदत सरायला दोन दिवस उरले असताना त्याने हरकत घातली. आधी तो भिकुबाईच्या दारात आला, उभ्यानेच बोलला.

"अक्का, राग मानू नको. मी कागद काय म्हणस ते पाह्यं. कागदवर तू आमनी नहीस."

कागदावर लिहिलं होतं : भिकुबाई प्रेमराज बोरसे.

आडनाव एकच, गाव एकच, भावकी एकच. फक्त मधलं नाव दुसरं. त्याला जोड म्हणून नवलने तिच्या लग्नाची पत्रिका काढली होती, हळदीच्या बोटांचे डाग पडलेली. तीतही छापलेलं, प्रेमराज बोरसे यांची कन्या.

मधल्या त्या नावाची गोष्ट गावातली म्हातारी माणसं जाणत होती. ताईबाईची, म्हणजे भिकुबाईच्या आईची, तीन बाळं बारा दिवसांच्या आत गेली. चौथी ही झाली तेव्हा पाचवीच्या पहाटे ताईबाईने तिला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवली आणि मागे न बघता घरी आली. ठरल्याप्रमाणे शेजारची धुरपदाबाई, प्रेमराजची बायको, तिथून चालली. तिने सूप उचललं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली, "कोन्ही पोर टाकी गयं वं! माले सापडनी, मनी शे." मरणाने ऐकावं म्हणून म्हणायचं असतं ते. ज्या घरावर त्याची नजर, त्या घरची ही नव्हेच. मग ताईबाई तिच्या दारी गेली, पदर पसरला आणि दूध पाजण्यापुरती लेक भीक मागून आणली. म्हणून ती भिकू. नाव प्रेमराजचंच राहायचं, शाळेतसुद्धा. हळदीच्या दिवशी आईने पुन्हा पदर पसरायचा आणि लेक कायमची परत घ्यायची, अशी रीत. पण भिकू चौदा वर्षांची असताना ताईबाईच गेली. हळद लागली, वरात गेली, आणि परत मागायचं राहूनच गेलं.

भिकुबाईला त्याचं कधी ओझं वाटलं नव्हतं. उलट आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली की झोक्यावर बसून ती मिरवायची. स्वतः जोडलेली ओवी म्हणायची :

निंबले रे झोका बांधा, दोन दोर फांदीवर
दोन मायसनी मी लेक, कोन्तं म्हनू मनं घर

बायका हसायच्या. धुरपदाबाई हसायची सगळ्यांत जास्त. तिचं स्वतःचं पोटचं कोणी नव्हतं.

आता कागद तेच विचारत होते, कोणतं घर.

दिवाळी झाली. कापूस फुटला. तीन एकर पांढरं झालं, आणि वेचायला बाई मिळेना. नवलने कोणाला धमकावलं नाही, एवढंच सांगितलं की वावराचा वाद चालू आहे, उगाच कशाला. पिकअप त्याची, दुसऱ्या वावरांचं कामही त्याच्याच हाती. बायका भिकुबाईच्या बांधावरून खाली मान घालून जात. एकीने, जिच्या बाळंतपणात भिकुबाईने दहा दिवस पाणी तापवलं होतं, जाताना हळूच आपल्या डब्यातली लोणच्याची फोड तिच्या हातावर ठेवली आणि पुढे गेली.

तिने कंबरेला जुन्या लुगड्याची झोळी बांधली आणि एकटीने सरी धरली. सकाळी दव असतं तेव्हा बोंड मऊ असतं, बोटं चटचट चालतात. ऊन वर आलं की वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी होतात, नखाच्या कडेला शिरतात. दुपारपर्यंत तिच्या बोटांतून रक्त यायचं. पांढऱ्या कापसाला डाग नको म्हणून ती बोटं परकराला पुसायची. उत्तरेला सातपुड्यावर ढग धरत होते. अवकाळी पाऊस आला तर हा सगळा कापूस झाडावरच पिवळा पडणार.

धुरपदाबाई मात्र रोज यायची. ऐंशीच्या वरचं वय, कमरेत वाकलेली. वाकाना कष्टच नही माले, पहिलीच वाकेल शे, म्हणायची. खालच्या फांद्यांची बोंडं ती वेचायची, वरची भिकुबाई. सरीच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक. दुपारी निंबाखाली बसून म्हातारी बोटांना तेल लावून द्यायची आणि मरणाला शिव्या घालायची, जसा काही तो नात्यातलाच कोणी उधळ्या माणूस.

सुनावणीची तारीख लागली. सर्कल साहेबांपुढे, शिरपूरला. नूतन मॅडमनी भिकुबाईला बाजूला घेऊन सांगितलं की कागद दोन्ही त्याच्या बाजूचे आहेत. जन्माची नोंद नाही. गावातलं कोणी बोलायला तयार नाही. पण प्रेमराजची बायको हयात आहे ना? तिने शपथेवर जबाब दिला की ही माझी मुलगी नाही, चुडामणची आहे, तर नोंद धरता येईल. तिच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते सांगता यायचं नाही.

भिकुबाईला वाटलं, एवढंच ना.

दुसऱ्या दिवशी सरीत तिने सहज म्हटलं, "धुरपामाय, साहेब इचारी तं एवढंच सांगजो, हाई चुडामणनी आंडेर शे."

पलीकडचे हात थांबले.

"मी खोटं कसं सांगू, भिकू?"

"खोटं काय त्यामा?"

"तुले परत मांगेल नही कोन्ही. तू अजून मनीच शेस." म्हातारीने झाडाआडून मान काढली. तिचे डोळे खरंच भ्यालेले होते. "मनी शेस म्हनीसन वाचनी. मी नही म्हनी दिन्हं, आनि मरननी ऐकं तं?"

भिकुबाई हसायला गेली. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला सटवीची भीती! पण हसू काही आलं नाही. तीन भावंडं बारा दिवसांत गेली होती आणि ती इथे उभी होती, हे कसं झालं ते तिला तरी कुठे ठाऊक होतं? ती म्हणाली, आबाने मागितली असती तर दिली असतीस का.

"बापले पदर ऱ्हास का?" म्हातारी म्हणाली. "माय मांगस. मांगनारी गई. आते कोन्हाले देऊ?"

त्यानंतर तीन दिवस दोघी बोलल्या नाहीत असं नाही, पण त्यावर बोलल्या नाहीत. भिकुबाई चिडली. एकदा चिडून म्हणालीही की तुला मी हवी आहे पण माझी भाकर नको. म्हातारीने ऐकून घेतलं, झोळी ओतली आणि पुन्हा सरीत गेली. संध्याकाळी घरी जाताना मात्र तिने बांधावर बसून घेतलं, तिला चालवेना. भिकुबाईने तिला उठवलं, दंडाला धरून घरापर्यंत नेलं. दंड म्हणजे नुसती काडी, वर सैल कातडी. शिरपूरला येईन, म्हातारी उंबऱ्यात म्हणाली. येईन, पण काय बोलेन ते माझ्या हाती नाही.

तारखेला त्या सकाळच्या एसटीने गेल्या. कार्यालयाच्या व्हरांड्यात बाकं भरलेली. नवल आधीच आलेला, इस्त्रीचा सदरा घालून, सोबत वकील. त्याने धुरपदाबाईला हात जोडले, पाण्याची बाटली पुढे केली. म्हातारीने ती घेतली. साहेबांनी आधी नवलला आत बोलावलं. दार उघडंच होतं, सगळं बाहेर ऐकू येत होतं. त्याच्या बोलण्यात दोनदा अक्का हा शब्द आला. साहेबांनी विचारलं, अक्का म्हणजे बहीण ना? नवल गडबडला नाही. गावात वडीलधारी बाई ती सगळ्यांची अक्काच, साहेब, तो म्हणाला. कागद पाहा.

नंतर शिपायाने पुकारा केला, धुरपदाबाई प्रेमराज बोरसे.

म्हातारी उठली नाही. शपथ घ्यायला लावतील, ती पुटपुटली, शपथेवर मी कसं सांगू. तिने बाकाची कड घट्ट धरली होती. शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं. दारातून नूतन मॅडम बघत होत्या.

भिकुबाईला त्या क्षणी वावर दिसलं नाही, कापूस दिसला नाही. तिला दिसली ती एवढीच म्हातारी, जी चव्वेचाळीस वर्षं एका मुलीवर पहारा देत बसली होती आणि पहारा उतरवायला कोणी आलंच नव्हतं. आईला पदर असतो म्हणाली. पदर तर मलाही आहे.

ती खाली बसली, सगळ्यांदेखत, व्हरांड्यातल्या फरशीवर, म्हातारीच्या पायांपुढे. डोक्यावरचा पदर काढला, दोन्ही हातांनी पसरला. बाकावरची माणसं सरकून बघायला लागली. कोणीतरी विचारलं, काय मागते ही? लाज तिच्या कानापर्यंत चढली होती, तरी आवाज तिने बारीक केला नाही. आळीला ऐकू जाईल असंच म्हणायचं असतं ते.

"माय, भीक वाढ. ताईबाईनी आंडेर दे."

धुरपदाबाईने आधी इकडेतिकडे पाहिलं, जणू ताईबाईच आली असावी. मग तिने पसरलेल्या पदराकडे पाहिलं. रिकामी ओंजळ तिने हळूच वर धरली, तिच्यात काही जड आहे असं, आणि पदरात ओतली.

"लई जाय, बाई," ती म्हणाली. "जशी सापडनी व्हती, तशीच देस. सांभाळजो तिले."

भिकुबाईने पदर मिटून पोटाशी धरला.

मग म्हातारी बाकाला धरून आपली आपण उठली आणि आत गेली. साहेबांनी शपथ दिली. ही अर्जदार बाई तुमची मुलगी आहे का, विचारलं.

"नही, साहेब. मनी नही. चुडामण-ताईबाईनी शे. मी नुसती उचली व्हती."

वकिलाने विचारलं, मग शाळेत नाव कसं लागलं? तिने सांगितलं. उकिरडा, सूप, पाचवी, सगळं, घाई न करता. साहेब लिहायचे थांबले होते. त्यांच्या आजीचं नाव उखाबाई होतं, उकिरड्यावरून उचललेली म्हणून उखा, असं ते कोणालाही उद्देशून न म्हणता म्हणाले आणि पुन्हा लिहू लागले. जबाब वाचून दाखवला तेव्हा शेवटी एक ओळ होती : साक्षीदाराचे अर्जदाराशी नाते, काही नाही. म्हातारीचा अंगठा त्या ओळीखाली उमटला. शाईचा, यंत्राचा नव्हे, त्यामुळे पहिल्याच दाबात.

परतीच्या एसटीत म्हातारी खिडकीशी बसली. भिकुबाईने विचारलेल्याला हूं म्हणत राहिली, आपण होऊन काही बोलली नाही. दमली असेल, भिकुबाईला वाटलं.

आठवड्याने निकाल आला. नोंद मंजूर झाली. उताऱ्यावर भिकुबाई चढली, वडिलांच्या नावासकट. नवलला अपिलाला साठ दिवस होते. त्याने भांडण केलं नाही. आपल्या बांधावर येऊन उभा राहायचा तेवढा, आणि ऐकायचा, कोण कोणाला काय म्हणतं ते.

त्या आठवड्यात म्हातारी वावरात आली नव्हती. अंग दुखतं, असा निरोप होता. ढग दोनदा आले, दोनदा सातपुड्यावरच विरले. अर्धं वावर अजून पांढरं होतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी, ऊन कोवळं असताना, ती आली. रोज सरळ सरीत शिरायची, त्या दिवशी मात्र बांधावरच उभी राहिली. पलीकडे नवल होता.

"तुमना वावरमा येचाले बाई लागस का?" तिने विचारलं.

भिकुबाईला कळलं, हे नवलसाठी आहे. म्हातारी काय हुशार आहे. तिने नवलकडे पाहिलं, हसू दाबलं आणि म्हणाली, लागते, या.

म्हातारीने झोळी बांधली. सरीच्या पलीकडच्या बाजूने खालची बोंडं वेचू लागली. दोघींचे हात चालत राहिले. थोड्या वेळाने ट्रॅक्टरचा आवाज झाला, नवल निघून गेला. आवाज पार नाल्यापलीकडे गेला. आता बांधावर कोणी नव्हतं. निंबावर एक होला तेवढा बोलत होता. भिकुबाई हात थांबवून ‘भिकू’ अशा हाकेची वाट पाहत राहिली.

"तुमनी झोळी भराई गई, बाई," झाडाआडून आवाज आला. "रिकामी करी या."